चकोत्रीची सोयरीक

आमचे सर कशावरच चटकन विश्वास ठेवत नसत. कॉलेजच्या घड्याळावर नाही, छापील पुस्तकावर नाही, प्रयोगशाळेतल्या तराजूवर तर मुळीच नाही. काही मोजायचं झालं की आधी खिशातलं पितळी वजन काढून ते तराजूचीच परीक्षा घेत आणि तराजू नापास झाला की त्यांना मनापासून आनंद होई. अशा माणसानं उभ्या आयुष्यात एकाच इसमावर डोळे मिटून विश्वास टाकला, आणि तो इसम मी निघालो. माणसं पारखण्यात ते कच्चे होते, एवढंच म्हणून मला सुटता आलं असतं तर बरं झालं असतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. एम.एस्सी. झालेला, पण कायम न झालेला. सर इतवारीत भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. खाली दिवसभर पितळेची ठोकाठोक चाले आणि वर हे शांतपणे वाचत बसलेले असत. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणत, वेळच नाही सापडला. त्यात त्यांना विनोद केल्यासारखं वाटत नसे.

शिकवायचे मात्र शुद्ध वऱ्हाडीत. आनुवंशिकीसारखा विषय, जो आम्ही सगळे इंग्रजीच्या काठीला धरून कसाबसा ओलांडायचो, तो हा माणूस गावच्या पारावर बसल्यासारखा सांगे. दोन जंगलांतले एकाच जातीचे पक्षी एकमेकांत मिसळतात की नाही, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. शास्त्रात त्याला जड नावं आहेत. सर त्याला सोयरीक म्हणत. या डोंगरावरचे त्या डोंगरावरच्यांशी सोयरीक करतात का, पोरी देतात का, घेतात का, एवढंच पाहायचं. देणंघेणं असेल तर ते एक कुटुंब. नसेल तर हळूहळू रक्त वेगळं होत जातं, आणि मग एक डोंगर गेला की ते रक्त जगातून गेलं. एकदा बाहेरगावच्या परीक्षकानं तोंडी परीक्षेत एका मुलीला ‘जीन फ्लो’ म्हणजे काय ते विचारलं. मुलगी म्हणाली, सोयरीक. परीक्षक लाल झाले. सरांनी तिचे मार्क कापू दिले नाहीत. पाऊण तास वाद घातला, आणि शेवटी त्या परीक्षकालाच विचारलं, तुमची सासुरवाडी किती कोसावर आहे?

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. लग्नाला जात ते तेवढ्याचसाठी. पंगतीत बसायचे नाहीत, आहेर करायचे नाहीत, नवरदेवाला गाठून मुलगी कुठल्या गावची आणि ते गाव किती दूर एवढं विचारायचे आणि एका वहीत टिपून चालते व्हायचे. माझ्या लग्नातही आले. अक्षता पडल्याबरोबर माझ्या सासऱ्यांना गाठून त्यांनी अंतर विचारलं. सासऱ्यांना वाटलं, हे बसभाड्याचं बघणारे कुणी असावेत.

त्यांचा पक्षी म्हणजे चकोत्री. तितरापेक्षा थोडी मोठी, रानकोंबडीच्या गोतातली, पायाला आर, म्हणजे कोंबड्यासारखा काटा, असलेली पाखरं. खडकाळ डोंगरांच्या झाडीत राहतात, उडायला आळशी. आपल्या देशाबाहेर कुठे नाहीत. दोन डोंगरांच्या मधे शेती आली की ओलांडून जात नाहीत, असं सरांचं म्हणणं होतं. त्यांनी दोन डोंगर निवडले होते. एक पिपरडोंगरी, नागपूरहून रामटेकच्या वाटेनं दीड तासावर. दुसरा कोसमघाट, चांद्याच्या बाजूला, दोन एस.ट्या बदलून आणि वर दोन तास पायपीट करून. दोन्हींकडच्या पाखरांचं रक्त तपासायचं होतं.

तपासायची पद्धत त्या काळी नवी होती आणि तिला लागणारी विलायती पावडर आम्हाला परवडणारी नव्हती. म्हणून सरांनी ती बटाट्यांतून काढली. आमच्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तसा हे बटाट्याचा चीक काढत. तो शिजवून काचेच्या ताटलीत ओतला की खरवसासारखा थरथरणारा थर बसे. त्यात रक्ताचा थेंब ठेवून दोन्ही टोकांना वीज जोडायची. रक्तातली प्रथिनं विजेच्या ओढीनं सरकू लागतात, कुणी पुढे जातं, कुणी मागे राहतं, आणि वर रंग घातला की पट्ट्या दिसतात. पट्टी वेगळी तर रक्त वेगळं. विजेची पेटी हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या फिटरनं जोडून दिली होती. उन्हाळ्यात ताटली तापू नये म्हणून सर सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणत. घाटरोडवरून बर्फाचं पाणी ठिबकवत चाललेला प्राध्यापक बघून विद्यार्थी ‘आलूवाले सर आले’ म्हणत. प्रयोगशाळेत जो कुणी येईल त्याच्या हातात ते किसणी देत. विभागप्रमुखांनासुद्धा दिली होती. त्यांनी ती खाली ठेवली, आणि पुढे दोन वर्षं सरांची कुठलीच मागणी मंजूर झाली नाही.

पाखरांच्या बाबतीत मात्र ते हळवे होते, आणि माझा जुना राग आहे तो या हळवेपणावरच. रक्त काढायला पाखरू मारण्याची रीत होती, सोपीही होती. सर मारू देत नसत. पंखाखालच्या शिरेतून दोन थेंब घ्यायचे, तेही हात धुऊन. एवढ्या उन्हात डोंगरावर बर्फ टिकत नाही आणि रक्त नासतं, म्हणून जिवंत पाखरंच ओलं कापड घातलेल्या बांबूच्या टोपलीतून नागपूरला आणायची, रक्त घ्यायचं, आणि परत ज्याच्या त्याच्या डोंगरावर नेऊन सोडायची. पाखरांना ते पाहुणे म्हणत. पाहुण्याला ज्या दारातून आणलं त्याच दारात पोचवायचं, हा त्यांचा नियम. पायात खुणेची कडी घाला, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, पाहुण्याच्या पायात बेडी कोण घालतं? मला तेव्हा हे फार थोर वाटलं होतं. कडी घातली असती तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

पाखरं धरायला सुखराम यायचा. कोसमघाटाच्या पायथ्याशी त्याचं घर. फास लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि कुठल्या खडकाशी कुठलं जोडपं राहतं हे तो आपल्या भावकीसारखं सांगे. शनिवार-रविवार आम्ही तिघं डोंगरावर जात असू. सोमवारी रक्त. मंगळवारी पाहुण्यांची पाठवणी. पण मंगळवारी सरांचे तास असत आणि संशोधनासाठी त्यांनी एक तासही कधी बुडवला नाही. उशिरा आले तर हजेरीपत्रकात स्वतःच्या नावापुढे लाल शाईनं मिनिटं लिहीत. तेव्हा पाठवणीचं काम माझ्याकडे आलं.

कोसमघाटाची पहिली गाडी पहाटे पाचला सुटायची. त्या मंगळवारी मला जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते. पुढची गाडी दुपारी. मार्च महिना, ऊन आताच डोक्यात जात होतं. दुपारी निघालो असतो तर मुक्काम करावा लागला असता आणि टोपलीत पाखरं टिकली नसती, असं मी स्वतःला सांगितलं. मग मी रामटेकच्या वाटेची गाडी धरली आणि कोसमघाटाची पाखरं पिपरडोंगरीवर सोडून दिली. झाडी तशीच, खडक तसेच. पाखरं टोपलीतून निघाली, जरा वेळ उभी राहिली आणि झुडपात शिरली. दुपारी एकपर्यंत मी घरी येऊन जेवून झोपलोसुद्धा. सरांनी विचारलं, पोचवले? मी हो म्हणालो.

पहिल्या वेळेला नाइलाज म्हणू. दुसऱ्या वेळी मी घड्याळाला गजर लावला नाही. तिसऱ्या वेळी तर सरळ सात वाजता निघालो. मी अडाणी असतो तर या गोष्टीला माफी होती. पण मी एम.एस्सी. होतो, आणि ज्या प्रयोगात पाखरं मिसळतात की नाही तेच बघायचं होतं त्यात मी स्वतःच्या हातानं ती मिसळत होतो. डोक्यात आलंच नाही असं मी म्हणत आलो. खरं म्हणजे डोक्यात आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं.

त्या उन्हाळ्यात ताटल्या रंगल्या. पिपरडोंगरीच्या झाडून सगळ्या पाखरांची पट्टी मागे, कोसमघाटाच्या सगळ्यांची पुढे. एकही अपवाद नाही. सर बराच वेळ ताटली उजेडाकडे धरून उभे राहिले. मग त्यांनी उरलेले बटाटे एका पिशवीत भरून चपराशाला घरी न्यायला दिले. त्यांचा उत्सव तो एवढाच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सोयरीक नाही गा, अजिबात नाही. मीही हसलो. पाच-सात पाखरांनी काय होतंय, कोल्ह्यांनी खाल्लीही असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्याच वर्षी पिपरडोंगरीवर मँगनीजची खाण काढायचं ठरलं. सरांनी सरकारला पत्र लिहिलं, की या डोंगरीवरच्या चकोत्रीचं रक्त वेगळं आहे, डोंगरी गेली तर ते परत मिळणार नाही. त्यांनी कुठल्या मोर्चात पाऊल टाकलं नव्हतं, पण या पत्राचा त्यांनी पाठपुरावा केला. कचेऱ्यांचे जिने झिजवले. त्यांच्या वयाच्या आणि तब्येतीच्या माणसाला साहेबांच्या दाराबाहेर बाकावर तासन् तास बसलेलं मी पाहिलं आहे. शेवटी एक समिती नेमली गेली. समितीनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचा पुरावा आहे, पुन्हा एकदा तपासून दाखवा. सरांना हे फार रास्त वाटलं. स्वतः त्यांनीही हेच सांगितलं असतं.

आम्ही पुन्हा कोसमघाटावर गेलो. सुखराम फास लावता लावता थांबला आणि सरांना म्हणाला, “सर, मागच्या खेपेले तुम्ही नेले थे पाखरं वापस नाही आले जी. नाल्यावरच्या खडकावरचा जोडा होता. सोडला असता त तो त्याच खडकावर आला असता.”

मी टोपलीची दोरी बांधत होतो. ती तशीच बांधत राहिलो.

“माह्या माणसानं सोडले, सुखराम,” सर म्हणाले. “कोल्ह्यानं नेले असतील.”

सुखरामनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फासाला लागला. त्याला कळलं असावं, निदान मला तरी तसं वाटलं. पण सरांचा माणूस मी होतो. जन्मभर जंगलात काढलेल्या माणसाचं म्हणणं त्यांनी एका वाक्यात उडवून लावलं, कारण समोर मी उभा होतो. तराजूचा भरवसा न धरणारा माणूस माझ्या बाबतीत पितळी वजन काढायला विसरला. याचा मला राग येतो, आणि तो राग त्यांच्यावर काढायचा मला काडीचाही हक्क नाही.

पिपरडोंगरीच्या नव्या ताटल्या रंगल्या तेव्हा त्यात पुढची पट्टी होती. काही पाखरांत तर दोन्ही, मागची आणि पुढची, म्हणजे आई एकीकडची आणि बाप दुसरीकडचा. सरांनी सगळा प्रयोग पुन्हा केला. आपलं बटाट्याचं काही चुकलं का म्हणून नवा चीक काढला. पट्ट्या तिथेच. एका रविवारी ते माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि कागदावर दोन डोंगर काढून म्हणाले, “एकाच बाजूनं काहून? तिकडचे इकडं आले, इकडचा एक बी तिकडं नाही गेला. तू सांग मले, असं काहून झालं?”

तो प्रश्न बरोबर जागी लागला होता. अजून एक पाऊल टाकलं असतं तर ते माझ्यापर्यंत पोचले असते. मी म्हणालो, सर, पाखरं थोडी आहेत, नमुना लहान आहे, तिकडेही गेली असतील, आपल्या फासात आली नसतील. शास्त्राला धरून बोललो. त्यांनी मला शिकवलं होतं तसंच बोललो. ते मान हलवून म्हणाले, बरोबर आहे तुझं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

त्याच महिन्यात माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत होती. ती नसती तर मी बोललो असतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता तेही वाटत नाही.

समितीची बैठक सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत झाली. मला सरांनी ताटल्या धरायला बरोबर नेलं होतं. टेबलाच्या पलीकडे तीन साहेब आणि खाणीचा माणूस. चहा झाला. सर उभे राहिले आणि वऱ्हाडीतच म्हणाले, “मी लिहून देलं होतं का या डोंगरीचे पाखरं दुसरीकडं सोयरीक करत नाहीत. करतेत. मी चुकलो. माहं पत्र वापस घेतो.”

मुख्य साहेबाला नीट समजलं नाही, त्यानं पुन्हा सांगायला लावलं. सरांनी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. खाणीचा माणूस उठून त्यांच्याशी हात मिळवायला आला. मी ताटल्या छातीशी धरून बसलो होतो. तोंड उघडायला मला एक अख्खा तास मिळाला होता. मी बोललो असतो तर डोंगरी वाचलीच असती असं नाही, असल्या बाबतीत कुणाचं काय वाचतं हे मी नंतर पुष्कळ पाहिलं. पण त्यांना भांडता आलं असतं. त्यांच्या हातात काहीतरी राहिलं असतं.

डोंगरी गेली. दोन-तीन वर्षांत अर्धी, मग सगळी. सरांनी याच कामावरचा आपला पीएच.डी.चा प्रबंध सादर केलाच नाही. कशाला, म्हणाले, त्याचा पायाच चुकला. मी कायम झालो. सगळे आपापल्या जागी गेले, ताटल्या भांडारात आणि विजेची पेटी भंगारात. सर निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाला गांडूळ आणि बेडूक शिकवत राहिले, वऱ्हाडीतच, आणि नवीन पोरांना ‘आलूवाले सर’ का म्हणतात हे माहीत नव्हतं.

मला वाटायचं, हा माणूस आतून खचला असेल. पण तसं दिसत नव्हतं, आणि तेच मला कळेना. निवृत्तीनंतर कधी रस्त्यात भेटले तर बरे असायचे, सासुरवाडीची माणसं किती कोसावरून आली विचारायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी विभागप्रमुख झालो. सत्कार झाला, हार पडले, आणि त्या हारांत मला बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतवारीत गेलो. खालची ठोकाठोक तशीच होती. सर खाटेवर बसून कांदा चिरत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाचची गाडी, तीन खेपा, सुखराम बोलला तो दिवस, समितीची बैठक. एकही गोष्ट सोडली नाही. सांगताना मला रडू आलं, आणि रडताना बरंही वाटत होतं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडावं अशी माझी फार इच्छा होती.

“म्हणजे वेगळेच होते,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

चिरलेला कांदा बाजूला सारून ते म्हणाले, “डोंगरी गेली तरी पाखरू गेलं नाही, असं समजून मी होतो. सोयरीक होती, त त्याइचं रक्त बाकी डोंगरावर हाय. फक्त मी चुकलो. माणूस चुकला त काय मोठं.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता काहून सांगितलं गा? आता मी याचं काय करू?”

माफ करा म्हणालो असेन. त्यांनी ऐकलं नसावं. खिडकीकडे तोंड करून बसले ते बसलेच. चहाचं त्यांनी विचारलं नाही, बस म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. मीच चपला घातल्या.

नंतर ते वर्षभर होते. ज्यांना भेटत त्यांनी सांगितलं, की सर हल्ली बोलत नाहीत, कुणाच्या लग्नाला येत नाहीत. जेवणावरची वासना उडाली होती. डॉक्टर वयाचं म्हणाले. मी पुन्हा गेलो नाही. मात्र त्या दिवशी जिना उतरताना मला किती हलकं वाटलं होतं ते मला पक्कं आठवतं. कोपऱ्यावर मी थांबलो, एक फुल प्लेट भजी घेतली आणि उभ्यानं खाल्ली. कित्येक वर्षांत मला अशी भूक लागली नव्हती.